धाकट्याला उभं करताना : प्रकल्प नोंदी

प्रकल्प : घर चाकाच्या खुर्चीजोगं करणं, व्यायामाची साधनं आमच्या वर्कशॉपमध्ये बनवणं, धाकट्याची दिनचर्या बसवणं.
ठिकाण : तेरजवळचं आमचं गाव, जिल्हा धाराशिव.
नोंदी ठेवणारा : थोरला भाऊ, धंदा फॅब्रिकेशनचा.

११ मार्च २०२४, सोमवार

धाकटा आज सोलापूरहून घरी आला. वय २३. फेब्रुवारीत चिंच झोडताना पायाखालची फांदी मोडली आणि तो बांधाच्या दगडांवर कमरेत आदळला. कमरेचा पहिला मणका, डॉक्टरांच्या भाषेत एल-वन, फुटला. ऑपरेशनमध्ये स्क्रू आणि दोन सळया घालून मणका पक्का केला आहे. मणका पक्का झाला म्हणजे पाय परत आले असं नसतं, हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मज्जारज्जू साधारण तिथेच संपतो आणि पायांकडे, लघवीच्या पिशवीकडे जाणाऱ्या नसांचा झुपका सुरू होतो. मार नेमका त्या जागी आहे. इजा अपूर्ण आहे, म्हणजे गुदद्वाराजवळ स्पर्श कळतो. मांड्यांवर ठिकठिकाणी कळतं, तळपायांना काहीच नाही. जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत येतं, पुढे वेग मंदावतो. किती येईल ते आज कुणी सांगू शकत नाही.

मापं घेतली. खुर्ची बाहेरून २५ इंच. पुढचं दार मोकळं २८, जाते. मधल्या खोलीचं २६, घासून जाते. संडासाचं २३, तिथे भिंत फोडायची. ओटा अंगणापासून १८ इंच वर. रॅम्पला एकास बारा उतार धरला तर १८ फूट लांबी लागते. अंगण तेवढं आहे, पण बरोबर मधे तुळशीवृंदावन. आणि पुढच्या दाराला सागवानी उंबरा, चार इंच उंच.

दिवसभर माणसं भेटायला येत होती. जो तो म्हणतो, "देवानं वाचवलं." संध्याकाळी अण्णा, म्हणजे आमचे वडील, एकाला म्हणाले, "मग पाडलं कुणी?" आई चहा घेऊन आली होती. तिने कप ठेवले आणि आत गेली.

१४ मार्च, गुरुवार

उंबऱ्याचं काम.

आमच्यात उंबऱ्यावर पाय देत नाहीत. आई रोज सकाळी त्याच्यापुढे रांगोळी काढते, हळदीकुंकू वाहते. माझी बायको माप ओलांडून आली ती याच उंबऱ्यावरून. करवत आणून ठेवली, पण आईच्या शब्दाशिवाय लावायची नाही असं मी ठरवलं होतं. दोन्ही बाजूंनी उतरत्या लाकडी पाचरी बसवून पाहिल्या. आतल्या बाजूला तेवढी जागा नाही, स्वयंपाकघराची वाट अडते.

आईने एकच विचारलं, "खुर्ची वर चढवताना लेकरू हादरतंय का?"

"प्रत्येक वेळी मागं झुकवावी लागती. मणक्याला धक्का बसतो."

ती न्हाऊन आली. उंबऱ्याची पूजा केली, नारळ ठेवला, खण ठेवून ओटी भरली आणि उठून म्हणाली, "आता काप. लक्ष्मीला वाट मोकळी पायजे."

मला हे इथे मुद्दाम लिहून ठेवायचं आहे. पुढचं सगळं काम या एका होकारावर सुरू झालं. आईने जर 'नको' म्हटलं असतं तर मी अडून बसलो असतो की काय झालं असतं, माहीत नाही.

तांत्रिक नोंद, कुणाला असं करायचं असेल तर : उंबरा चौकटीचे दोन्ही उभे खांब खालून धरून ठेवतो. तो कापला की खांब आत झुकू शकतात आणि दार अडकतं. म्हणून दोन्ही बाजूंना भिंतीत होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, वाढवले आणि फरशीच्या पातळीत सहा एमएमची लोखंडी पट्टी बसवून खांब बांधून घेतले. आई आता रांगोळी त्या पट्टीच्या पुढे काढते. चाकाने पुसली जाते, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढते.

तुळस हलवायला आईची हरकत नव्हती. धाकटाच पलंगावरून म्हणाला, "माझ्यापायी अजून काही हलवू नका." म्हणून रॅम्प सरळ न नेता काटकोनात वळवला : नऊ फूट, मग पाच बाय पाचचा सपाट टप्पा, पुन्हा नऊ फूट. मधे थांबायला जागा झाली. वर झाडूच्या रेघा मारून खरखरीत ठेवला आणि कडेला तीन इंचांचा काठ, म्हणजे चाक घसरून बाहेर जाणार नाही.

२१ मार्च, गुरुवार

माकडहाडावर जखम आहे. साधारण रुपयापेक्षा मोठी, वरची साल गेलेली. एकाच जागी दाब राहिला की रक्त पोचत नाही आणि दुखणं कळत नसल्यामुळे माणूस आपोआप कूस बदलत नाही. उपाय एकच : दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. खांदे, कंबर, पाय एकाच वेळी, ओंडका फिरवल्यासारखे. गुडघ्यांमधे उशी, टाचा अधांतरी.

पाळ्या लावल्या. रात्री दहा आणि बारा मी. दोनची आजीने मागून घेतली. "मला न्हाईतरी झोप कुठं असती," म्हणाली. ती जपमाळ घेऊन त्याच्या पलंगाजवळ बसते. मोबाइलचा अलार्म तिला कळत नाही, पण तिचा अंदाज दहा मिनिटांनी सुद्धा चुकत नाही. एकटीला वळवता येत नाही म्हणून वेळ झाली की माझ्या बायकोला हाक मारते. पहाटे चार आणि सहा अण्णा.

खाण्याचा प्रश्न आला. जखम भरायला प्रथिनं पाहिजेत. डॉक्टर म्हणाले रोज अंडी द्या. आई माळकरी, घरात कधी अंडं आलेलं नाही. धाकट्याच्या गळ्यातही माळ आहे. आई दोन दिवस काही बोलली नाही, मग मला म्हणाली, "ते खात असंल तर मी करून देईन. चूल वेगळी मांडते." त्यानेच नको म्हटलं. मग आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला. त्यांनी सरळ हिशेब लावून दिला : दूध, दही, पनीर, शेंगदाणे, मोड आलेली मटकी, हरभऱ्याची डाळ, आणि सोयाबीन. धाराशिव-लातूर पट्ट्यात सोयाबीनला काय तोटा. आई आता पोळीच्या पिठात सोयाबीन दळून घालते.

एकादशी त्याने सोडली. आईनेच सोडायला लावली. पाणी दिवसाला दोन लिटरच्या आसपास गेलं पाहिजे आणि पोट रिकामं ठेवून चालणार नाही. "तुझ्या वाटची मी धरते," म्हणाली.

३ एप्रिल, बुधवार

पॅरलल बार, म्हणजे धरून उभं राहायला आणि चालायला दोन समांतर दांडे, बनवले. दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप, बी क्लास म्हणजे मध्यम जाडीचा, लांबी दहा फूट. दोन पाइपांमधलं अंतर २३ इंच. उंची धाकट्याच्या मांडीच्या वरच्या हाडाशी, म्हणजे ३३ इंच. ही उंची माणसागणिक बदलते. बार धरून उभं राहिल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे. पाय तीन जोड्या, खाली आठ एमएमच्या बेस प्लेटा, काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट. वेल्डिंगचे सगळे सांधे घासून गुळगुळीत केले, कारण पाय कुठे घासला तर त्याला कळणार नाही. चाचणीला दोन्ही बाजूंनी मी आणि चाचा लोंबकळलो. पाइप हलला नाही.

चाचा म्हणजे शेजारचे. त्यांच्या छोट्या हत्तीतूनच पाइप आणला, भाडं घेतलं नाही. धाकटा सोलापुरात होता तेव्हा ते धाराशिवला ख्वाजा शमशुद्दीन गाजींच्या दर्ग्यात चादर चढवून आले होते. आम्हाला ते फार उशिरा कळलं.

बार परसात लिंबाच्या सावलीत बसवलेत. एप्रिलच्या उन्हात पाइप चटका देतो. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा येतात, बाकीचे दिवस त्यांनी शिकवलेलं आम्ही करून घेतो.

मी स्वतः मानणारा माणूस आहे. बेस प्लेटचा शेवटचा टाका मारताना पांडुरंगाचं नाव घेतलं. बोल्टही दोनदा आवळले.

१९ एप्रिल, शुक्रवार

आत्या आली आहे. तिचा धाकट्यावर आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त जीव. दुपारी तिने चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि त्याच्या पायांना शेक द्यायला घेतला. बायकोने पाहिलं आणि वीट काढून घेतली. आत्या रडायला लागली. गावात कंबर-पाय आखडले की विटेचा शेक, गरम तेलाची मालिश हेच करतात, आणि साध्या दुखण्याला त्याने बरंही वाटतं. पण ज्या कातडीला गरम कळत नाही तिला फोड आल्यावरच समजतं.

संध्याकाळी फिजिओथेरपिस्टने आत्याला शेजारी बसवलं. धाकट्याला डोळे मिटायला सांगितले. तळपायाला कोमट पाण्याची बाटली लावली आणि विचारलं, "कुठं लावलं?" तो म्हणाला, "अजून लावलं न्हाई की." आत्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. रात्री तिने त्याचे पाय मांडीवर घेऊन हलक्या हाताने सांधे हलवण्याचा व्यायाम शिकून घेतला. घोटा वर, धरायचा, सोडायचा. आता तो तिचा नेम झाला आहे.

घरातला नियम भिंतीवर लिहिला : गरम काहीही कमरेखाली लावायचं नाही.

दुसरी एक गोष्ट. कुणीतरी सांगितलं, करणी आहे, लांबच्या एका भगताकडे न्या, तो गोळ्या बंद करायला लावतो आणि महिन्यात चालवतो. अण्णांनी त्या माणसाला अंगणातूनच परत पाठवलं. मला वाटलं होतं आईला हा मार्ग आवडेल. आई म्हणाली, "जो औषध बंद कर म्हणतो तो देवाचा माणूस नव्हं."

६ मे, सोमवार

चैत्र वद्यातली तेरची यात्रा. गोरोबाकाकांची पुण्यतिथी. आमच्या घरातून कुणीतरी जातंच. आईला धाकट्याला न्यायचं होतं. चाचा गाडी काढायला तयार होते. मी लघवीच्या वेळा काढल्या, दर चार ते सहा तासांनी नळी घालून पिशवी रिकामी करावी लागते, एकावेळी ४०० ते ५०० मिलीपेक्षा जास्त साठू द्यायचं नाही, त्यासाठी यात्रेत आडोसा कुठे मिळेल तेही पाहून ठेवलं.

धाकटा म्हणाला, "मी न्हाई येत. लोक काकांना सोडून मलाच बघतील."

आई एकटी गेली.

दुपारी मी त्याच्याजवळ होतो. तो बराच वेळ आढ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "दादा, गोरोबाकाकांचे हात परत आले म्हणतात. मग आपण पाइप कशाला रोवले?"

आमच्या भागातल्या प्रत्येक लेकराला ती गोष्ट पाठ असते. भजनाच्या नादात चिखल तुडवताना पोटचं पोर पायाखाली गेलं. पुढे शपथ मोडली म्हणून काकांनी स्वतःचे हात तोडले. पंढरपूरला नामदेवांच्या कीर्तनात हात परत आले, पोरही परत आलं. मी लहानपणापासून ती ऐकली आहे. पण कमरेखाली हलू न शकणाऱ्या भावाने विचारल्यावर मला उत्तर देता आलं नाही.

आई रात्री परत आली तेव्हा त्याने तिलाही तेच विचारलं. तिने पिशवीतून बुक्का काढला, त्याच्या कपाळाला लावला. मग म्हणाली, "नामदेवांनी सगळ्यांना टाळी वाजवा म्हटलं. काकांना हात होते का तवा? त्यांनी थोटे हात आधी वर उचलले. मग आले."

धाकटा काही बोलला नाही. अण्णा ओसरीवर होते, त्यांनीही ऐकलं.

१२ जून, बुधवार

मृगाने साथ दिली, पेरण्या सुरू आहेत. सगळे रानात, त्यामुळे व्यायामाची वेळ पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी हरिपाठाच्या आधी. जखम पूर्ण भरली. खुर्चीत बसणं आता सलग होतं. बसल्यावर दर १५-२० मिनिटांनी पुढे वाकून किंवा हातांवर वजन घेऊन बूड मोकळं करायचं असतं. हरिपाठाचे २७ अभंग म्हणताना हे त्याने त्यातच बसवलं : नववा आणि अठरावा संपला की पुढे वाकतो. आजीही त्याच्याबरोबर वाकते.

डाव्या मांडीचा स्नायू आता पायाच्याच वजनाविरुद्ध गुडघा सरळ करतो. फिजिओथेरपिस्टच्या मोजणीत पाचपैकी तीन. उजवा दोन. घोटे अजून शून्य. महिन्यापूर्वी डावाही एक होता.

कागदपत्रं : दिव्यांग प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज भरला. एसटीची सवलत आणि बाकी योजना त्यावरच अवलंबून आहेत. शेतकरी कुटुंबातल्या माणसाचा अपघात म्हणून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा अर्जही दिला आहे, दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाखांची तरतूद आहे. अर्ज भरताना 'निकामी' लिहायला अण्णांचा हात थांबला. मी लिहिलं.

१७ जुलै, बुधवार. आषाढी

आई आज पंढरपुरात आहे. यंदा जाणार नव्हती. "मी गेले तर याची नळी कोण घालंल?" हेच धरून बसली होती. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी धाराशिव, तुळजापूरवरून पंढरपूरला जाते, आई तिच्यातच धाराशिवपासून चालते.

जूनच्या शेवटी धाकट्याने फिजिओथेरपिस्टकडून स्वतः नळी घालायला शिकून घेतलं. हात साबणाने धुणे, जागा स्वच्छ करणे, नळीला जेल, सावकाश आत, लघवी थांबली की हळू बाहेर. वहीत वेळ आणि माप लिहिणे. आठ दिवसांची वही त्याने आईपुढे ठेवली आणि म्हणाला, "बघ. तू जा."

मार्चपासून घरातलं प्रत्येक माणूस त्याच्यासाठी काही ना काही करत होतं. त्याने कुणासाठी काही करावं अशी ही पहिली वेळ. आईला वारीला धाडण्यासाठी तो जे शिकला ते आम्ही कितीही सांगून शिकवू शकलो नव्हतो.

आज दुपारी आईचा फोन. कळसाचं दर्शन झालं, रांगेत उभी राहिली नाही. "काय मागितलंस?" मी विचारलं. "मार्चमधी 'चालव' म्हणत होते. आता म्हणलं, त्याला बसल्या जागी दुखू नको देऊ."

२० ऑगस्ट, मंगळवार

कॅलिपर, म्हणजे पायांना बांधायचे आधार, आले. उजव्या पायाला मांडीपर्यंतचा, गुडघ्याला कुलूप असलेला. डाव्याला घोट्यापुरता. बूट एक नंबर मोठे, आत एमसीआर या मऊ रबराचा तळ. चालण्याआधी आणि नंतर तळपाय आरशात बघायचे, कुठे लाल झालं तर त्या दिवशी बूट बंद.

बारमध्ये उभा राहिला. मग डावा पाय टाकला, उजवा कंबरेतून ओढून आणला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. अण्णा पुढे होते, मी मागे पट्टा धरून. आईने शिट्टी झालेला कुकर तसाच ठेवला आणि परसात आली. पाइपाला हात लावून उभी राहिली. कुणी काही बोललं नाही, धाकटाच म्हणाला, "परत एकदा." गावात चर्चा झाली, चमत्कार झाला म्हणून. झालेलं सगळं चांगलंच आहे, पण बारशिवाय तो अजून उभा राहू शकत नाही, हेही लिहून ठेवतो.

५ सप्टेंबर, गुरुवार

पोळा पावसात गेला. परभणी, हिंगोली, नांदेडकडे पूर आला, आमच्याकडेही झड धरून बसली. त्यातच त्याला हुडहुडी भरून ताप चढला, लघवी गढूळ. मूत्रमार्गाचा संसर्ग. दवाखान्यात ठेवावं लागलं. पडून राहिल्याने मांडीची ताकद उतरली.

२९ सप्टेंबर, रविवार

घरी आल्यापासून तो व्यायाम करत नाही. हरिपाठाला बसत नाही. माळ काढून देवळीत ठेवली आहे. आईने ती उचलली नाही आणि त्याला घालही म्हटलं नाही. रोज संध्याकाळी ती आणि आजी दोघीच म्हणतात, तो ऐकू येईल एवढ्या अंतरावर खाटेवर असतो.

आज फिजिओथेरपिस्टच्या ओळखीने एक गृहस्थ आले. चाळिशीचे. बारा-पंधरा वर्षांपूर्वी विहिरीचं काम करताना पडले, आमच्यासारखाच मणका. मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटीवरून आले, रॅम्पवर स्वतःची घडीची खुर्ची उतरवून घेतली. रॅम्पचा उतार बघून "बरोबर केलाय" म्हणाले, मला त्याचा फार आनंद झाला.

धाकट्याने त्यांना विचारलं, "तुम्ही चालता?"

"न्हाई. पहिल्या दोन वर्षांत वाटायचं चालंल. न्हाई चाललो. पिठाची गिरणी चालवतो. पोरगी बारावीला हाय." त्यांच्या गळ्यातली माळ धाकट्याला दिसली असावी. ते म्हणाले, "ही चालण्यासाठी घातली नव्हती. म्हणून काढायचं बी कारण पडलं न्हाई."

नंतर तासभर दोघं नळ्या, उशा, गिरणीची मोटार असल्या गोष्टी बोलत होते. दार ओढून घेतलं होतं, पुष्कळ काही लग्नासंबंधीही असणार. ते विचारायला आम्ही घरचे उपयोगी नव्हतो.

मार्चपासून माझ्याही डोक्यात हा प्रकल्प म्हणजे 'चालवणं' असाच होता. वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहिलेलं नाही. तिथे लिहिलं आहे, घर खुर्चीजोगं करणं. तेच धरून पुढे जायचं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

नवस. फेब्रुवारीत ऑपरेशन चालू असताना आईने बोलला होता : लेकरू उभं राहिलं तर त्याला अनवाणी तुळजापूरला आणीन. तो ऑगस्टमध्ये उभा राहिला. कोजागिरीला हजारो माणसं पायी तुळजापूरला जातात, सोलापूर आणि कर्नाटकातून तर रस्ते भरून येतात. आईने विषय काढला.

धाकट्याने पुन्हा व्यायाम सुरू केला होता, पण तळपायांना स्पर्श नाही. डांबरावर अनवाणी एक खडा रुतला तरी त्याला कळणार नाही आणि ती जखम महिनोन् महिने भरणार नाही. मी आईला तसं सांगितलं. ती गावातल्या महाराजांकडे गेली, जे आमच्याकडे कीर्तन करतात. ते म्हणाले, "नवस तुम्ही बोललात, पायही तुमचेच लागू द्या."

बुधवारी संध्याकाळी आई धाराशिवहून अनवाणी निघाली. अण्णा तिच्यासोबत निघाले. त्यांनी चपला घातल्या होत्या, तिची चप्पल पिशवीत घेतली होती. "रात्रीची एकटी कशी जाईल," एवढंच म्हणाले. मी, धाकटा आणि चाचा पहाटे गाडीने पोचलो. देवळात उतरायला पायऱ्याच पायऱ्या आहेत. आम्ही राजे शहाजी महाद्वाराशीच थांबलो, खुर्ची बाजूला लावून. आई आत गेली. अण्णा आत गेले नाहीत, धाकट्याच्या खुर्चीला टेकून उभे राहिले.

दसऱ्यानंतर देवी पलंगावर निद्रा घेते आणि पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर बसते. परत येताना आई त्याला म्हणाली, "आईसाहेबांना सुद्धा नऊ दिवस लढून झोपावं लागतं. तू आठ-पंधरा दिवस पडून राहिलास तर काय झालं."

माळ अजून देवळीतच आहे. कोजागिरीचं दूध त्याने प्यायलं.

३१ डिसेंबर, मंगळवार

काल येळवस झाली. मार्गशीर्षातल्या या अवसेला लातूर-धाराशिवकडे गावात चिटपाखरू राहत नाही, सगळी माणसं रानात. आमच्या काळ्या रानात खुर्चीची पुढची चाकं रुततात, म्हणून आठवडाभर आधी जुने पत्रे कापून जोडपट्ट्या केल्या, तीन फुटी, कडा आत वळवलेल्या. बांधापासून कोपीपर्यंत एकामागे एक टाकल्या. खुर्ची कोपीपर्यंत आली. तिथून पुढे पूजेपर्यंतचं अंतर त्याने वॉकर आणि कॅलिपरवर कापलं, अण्णा एका बाजूला. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा त्यानेच केली. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. आंबील त्याला लघवीच्या वेळा सांभाळून प्यावं लागलं.

सध्याची स्थिती : डावी मांडी चार, उजवी तीन. घोटे शून्य, इथून फार बदल होईल असं फिजिओथेरपिस्टला वाटत नाही. घरात वॉकर, बाहेर खुर्ची. लघवी नळीनेच. प्रमाणपत्र मिळालं. हरिपाठाला बसतो, दोन ठिकाणी वाकतो. माळ कधी घातली मला माहीत नाही, काल रानात गळ्यात दिसली.

गिरणीवाले गृहस्थही येळवशीला आले होते. कळंब तालुक्यातल्या एका पोराचा निरोप घेऊन आले, ट्रॅक्टर उलटून मणका गेलाय, महिनाभरापूर्वी. बार पाहिजेत. धाकटा म्हणाला, माप घ्यायला मी येतो, दादाला उंची सांगितली की तो उभ्या माणसाचाच विचार करतो.

रविवारी जायचं. न्यायचं सामान : टेप, मार्कर, दीड इंची पाइपाचा तुकडा नमुन्याला, कुशी बदलण्याचा तक्ता, अण्णांनी बाजूला काढलेली सोयाबीनची अर्धी पिशवी. त्यांच्या घराचा ओटा किती उंच आहे आणि दाराला उंबरा आहे का, ते आधी फोनवर विचारून घ्यायचं. उंबरा असेल तर आईही बरोबर येणार आहे.